दौड कॅन्सरसाठी, हिशेब दुकानदाराचा : छोट्या टीमने निधी कसा उभा करायचा

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण एक वेगळा विषय घेतला. स्तनाच्या कॅन्सरसाठी ज्या दौडी होतात, त्यात आपल्या दुकानाची किंवा युनिटची टीम उतरवायची आणि त्या निमित्ताने निधी उभा करायचा. व्हिडिओत सगळं बसलं नाही, आकडेमोड तर अजिबातच नाही. म्हणून हा लेख. वही-पेन जवळ ठेवा, मध्येमध्ये बेरीज-वजाबाकी आहे.

आधी एक गोष्ट सरळ बोलू. हा आजार आपल्याकडे दुकानात मोठ्याने कुणी उच्चारत नाही. माझं माढ्यात मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, परकर, इनरवेअर, फॉल-पिको. दिवसभर गिऱ्हाईक म्हणजे बायकाच. मापं, हुक, कप साइज सगळं बिनधास्त चालतं, पण "छातीत गाठ" म्हणायची वेळ आली की आवाज खाली जातो. आणि भारतातल्या बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच आहे. २०२२ च्या ग्लोबोकॅन अंदाजाप्रमाणे देशात एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण. त्यामुळे पैसे किती जमले हा दुसरा प्रश्न. चार माणसांच्या दुकानात हा शब्द बोलायला लागला, इथून कामाला सुरुवात होते.

आता टीम कुणाची? "मॅडम, आमच्याकडे दोनच पोरी कामाला, टीम कसली?" असं म्हणू नका. माढ्यासारख्या गावात एका ओळीतली सात-आठ दुकानं मिळून एक टीम होते. कापड दुकान, मेडिकल, झेरॉक्सवाला, चहावाला, पतसंस्थेतले दोघे क्लार्क. टेंभुर्णी एमआयडीसीत युनिट असेल तर एका शिफ्टची टीम. दूध संकलन केंद्र, शाळेचा स्टाफ, साखर कारखान्याचं ऑफिस, कुठेही जमतं. आठ ते दहा माणसं पुरे. वीसच्या वर गेलात की निम्मी फक्त व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवतात.

ही पद्धत आली कुठून

अमेरिकेत नॅन्सी ब्रिंकर नावाच्या बाईंची बहीण सुझन कोमेन स्तनाच्या कॅन्सरने वयाच्या ३६ व्या वर्षी गेली. १९८२ मध्ये नॅन्सीबाईंनी बहिणीच्या नावाने संस्था काढली आणि १९८३ मध्ये डॅलस शहरात पहिली दौड घेतली. धावणारे होते ८००. पुढे तीच दौड अनेक शहरांत गेली, आणि ऑफिसच्या टीम, मोहल्ल्याच्या टीम असं त्याला रूप आलं.

त्याच्याही आधीचा टेरी फॉक्स मला धंद्याच्या नजरेने जास्त आवडतो. कॅनडातला तरुण. हाडाच्या कॅन्सरमुळे एक पाय कापलेला. १९८० मध्ये कृत्रिम पाय लावून तो देश आडवा पार करायला निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला, मग आजार फुप्फुसात पसरला म्हणून थांबावं लागलं. त्याची मागणी काय होती? प्रत्येक कॅनेडियन माणसाकडून एक डॉलर. बस्स. तेव्हा देशाची लोकसंख्या होती साधारण २ कोटी ४१ लाख, आणि १९८१ च्या फेब्रुवारीपर्यंत जमा झाले २ कोटी ४१ लाख ७० हजार डॉलर. मागणी छोटी, स्पष्ट आणि सगळ्यांना सारखी. "यथाशक्ती द्या" म्हटलं की समोरचा विचारात पडतो. "एक डॉलर द्या" म्हटलं की हात खिशात जातो. त्याच्या नावाची दौड पुढे मुंबईतही होऊ लागली, टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधनासाठी.

आपल्याकडे २००४ पासून मुंबई मॅरेथॉन आहे. तिथे कंपन्या टीम उतरवतात, आपल्या आवडीची संस्था निवडतात आणि तिच्यासाठी ओळखीपाळखीतून पैसे उभे करतात. २०१२ मध्ये मिलिंद सोमणने मुंबईत पिंकेथॉन सुरू केली, फक्त बायकांची दौड, स्तनाच्या कॅन्सरची जाणीव वाढवण्यासाठी. तीन किलोमीटरपासून पुढे. साडी नेसून धावणाऱ्या बायकांचे फोटो तुम्ही बघितले असतील, ते बहुतेक तिथलेच.

एंट्री फी म्हणजे देणगी नाही

हे नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. दौडीला नाव नोंदवताना जी फी भरता, त्यातून टी-शर्ट, मेडल, पाणी, रस्त्यावरची व्यवस्था, ॲम्ब्युलन्स असा खर्च निघतो. संस्थेला जाणारा पैसा बहुतेक ठिकाणी वेगळा उभा करायचा असतो. फी भरून "आम्ही कॅन्सरला मदत केली" असा बोर्ड दुकानाबाहेर लावू नका.

म्हणून तीन पाकिटं करा. खरोखरची कागदी पाकिटं. पहिल्यावर लिहा "दौडीचा खर्च", दुसऱ्यावर "देणगी", तिसऱ्यावर "दुकान". या तिघांचा पैसा एकमेकांत जायचा नाही.

दौडीचा खर्च किती येतो बघा. माढ्याहून मुंबईला जायचं तर कुर्डुवाडी जंक्शनवरून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस, तिथे एक मुक्काम, परतीचं तिकीट, जेवण, फी, बूट नसतील तर बूट. माणशी अडीच-तीन हजार धरा. सहा जणांचे झाले पंधरा-अठरा हजार. आणि टीमने देणगी जमवली नऊ हजार. म्हणजे नऊ हजार द्यायला अठरा हजार खर्च! हे पैसे लोकांनी कॅन्सरसाठी दिले आणि आपण त्यात मुंबई बघून आलो, असं गाव म्हणणार. आणि म्हणायला पाहिजेच.

माझा सल्ला असा. ज्यांना स्वतःच्या पैशाने जायचंय ते एक-दोघे जाऊ देत. बाकी टीमने त्याच रविवारी सकाळी इथेच पाच किलोमीटर चालायचं. खर्च पाण्याच्या बाटल्यांचा. पोलीस स्टेशनला अर्ज द्या, वर्दळीचा रस्ता टाळा, एक मोटरसायकल मागे ठेवा. धावायला नाही जमलं तरी काही बिघडत नाही, देणगीदार तुमचं टायमिंग विचारणार नाही.

पैसा जाणार कुठे

गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न हाच असतो. आणि आपल्या भागात त्याला उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. कुर्डुवाडीच्या पलीकडे बार्शी. तिथलं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल बहुतेकांना माहीत आहे, पण त्याचं एक काम फार कमी लोकांना माहीत आहे. १९८७ मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी बार्शीत सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं. कार्यकर्ते गावोगाव जायचे, कुणाला काय लक्षणं आहेत विचारायचे, माहिती द्यायचे. काही वर्षांत दिसून आलं की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर दवाखान्यात यायला लागल्या. मोठं मशीन नाही, मोठी इमारत नाही. दारात जाऊन बोलणं, एवढंच.

पैसा कुठल्या कामाला द्यायचा हे ठरवताना ही गोष्ट लक्षात ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे बरेच उपचार बसतात. पण निदान होईपर्यंतचा खर्च, एसटीचं भाडं, सोबत येणाऱ्या माणसाचं जेवण-राहणं, बुडालेली मजुरी हे घरातूनच जातं. किमोला वीस वेळा ये-जा करणारी बाई भाड्यालाच टेकीला येते. तेव्हा जी संस्था निवडाल तिला आधी फोन करा, शक्य असेल तर जाऊन या, आणि विचारा : आमच्याकडून आठ-दहा हजार येतील, त्यातून नेमकं काय होईल? रुग्णांच्या प्रवासाला? तपासणी शिबिराला? जे उत्तर मिळेल ते लेटरहेडवर मागा. तो कागद काउंटरवर लावा. "कॅन्सरग्रस्तांना मदत" या बोर्डापेक्षा "बारा रुग्णांचं महिन्याचं भाडं" हा बोर्ड जास्त पैसे आणतो. अर्थात संस्थेने तसं लिहून दिलं असेल तरच.

आयडिया, आणि प्रत्येकीचं गणित

बरेच जण लगेच म्हणतात, "ऑक्टोबरमध्ये विक्रीचे दहा टक्के कॅन्सरला देऊ." ऐकायला भारी वाटतं. आता माझ्या दुकानाचं उदाहरण घ्या, आकडे समजायला सोपे केलेत. ब्लाउजपीस ८० रुपयांना विकला. खरेदी ६२ ची. मार्जिन १८. त्यात भाडं, पगार, लाइट, पिशवी यांचा वाटा ११. हातात राहिले ७. विक्रीचे दहा टक्के म्हणजे ८ रुपये. प्रत्येक पीसमागे मी एक रुपया खिशातून घालतेय! दिवाळीच्या तोंडावर जितकी विक्री जास्त तितका खड्डा मोठा. मग महिन्याच्या शेवटी माणूस काय करतो? गुपचूप कमी देतो. तिथे नाव जातं.

त्याऐवजी "प्रत्येक ब्लाउजपीसमागे ३ रुपये" जाहीर करा. सात रुपयांतले तीन, परवडतं. एकच वस्तू निवडा, तारखा लिहा, आणि किंमत वाढवून ते तीन रुपये गिऱ्हाइकाकडूनच वसूल करू नका. रोज संध्याकाळी किती पीस गेले ते काउंटरच्या पाटीवर खडूने लिहायचं. समजा महिन्यात ४०० गेले, १,२०० रुपये.

दुसरी, आणि टीमसाठी सगळ्यात चांगली, ती किलोमीटरची वही. प्रत्येकाने दहा ओळखीच्यांकडे जायचं आणि म्हणायचं, "मी पाच किलोमीटर चालणार आहे, किलोमीटरला दहा रुपये लिहू का?" म्हणजे माणशी पन्नास. आठ जणांची टीम, प्रत्येकी दहा नावं, चार हजार रुपये. टेरी फॉक्सचंच सूत्र, मागणी छोटी आणि ठरलेली. कुणाला जास्त द्यायचं तर देऊ द्या, पण मागायचं दहाच. यात नवउद्योजकांचा एक छुपा फायदा आहे. दहा माणसांसमोर उभं राहून मागणी करणं हा विक्रीचा उत्तम सराव आहे. माझ्या बॅचमधली जी मुलं "मला सेल्स जमत नाही" म्हणतात, त्यांना मी हीच वही हातात देते.

तिसरी, खोक्यांची रद्दी. आपल्या लाइनीत सगळ्यांकडे पुठ्ठ्याची खोकी साचतात आणि जो तो भंगारवाल्याला मिळेल त्या भावात देऊन टाकतो. महिनाभर सगळ्या दुकानांची खोकी एका ठिकाणी जमवा, एकदम वजन करा, भाव ठरवून विका. माल जास्त असला की भावही थोडा बरा मिळतो. कुणाच्या खिशातून काही जात नाही, म्हणून याला कुणी नाही म्हणत नाही.

खाण्याचा स्टॉल? कडक भाकरी, शेंगा चटणी आपल्याकडे हमखास खपते. पण विकायचं तर अन्न नोंदणी लागते. म्हणून नोंदणी असलेल्या बचत गटाकडून माल घ्या, त्यांना त्यांचा पूर्ण भाव द्या, आणि वरचे पाच-दहा रुपये देणगीला. बचत गटातल्या बायकांकडून "चांगल्या कामासाठी" म्हणून फुकट चटणी मागू नका.

शेवटी मालकाची भर. टीमने जेवढे जमवले तेवढेच मालक घालणार, पण मर्यादा आधी जाहीर करायची. समजा तीन हजार. मग वहीचे ४,०००, ब्लाउजपीसचे १,२००, खोक्यांचे समजा ९०० आणि भरीचे ३,०००, एकूण ९,१००. माढ्यातल्या आठ माणसांच्या टीमने पहिल्या वर्षी नऊ हजार जमवले तर मी त्याला चांगलं काम म्हणेन.

एक गोष्ट मला बिलकुल पटत नाही. "सगळ्यांचा एक दिवसाचा पगार." मोठ्या ऑफिसात ठीक असेल. आपल्याकडे नऊ-दहा हजार पगाराच्या मुलीला मालक विचारतोय, तर ती नाही कशी म्हणेल? स्टाफसाठी बंद डबा ठेवा. ज्याला टाकायचं तो टाकेल, न टाकणाऱ्याचं नाव कुणाला कळणार नाही. पगारातून परस्पर कापायचं तर नावच नको.

कायद्याचं थोडं

गणपतीच्या वर्गणीला मंडळं धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतात ना? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातलं कलम ४१ क. धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करताना तेच लागू होतं. सोपा मार्ग म्हणजे नोंदणीकृत संस्थेलाच सोबत घ्या, तिचा क्यूआर कोड काउंटरवर लावा, पावती तिची. पैसा तुमच्या खात्यातून जायलाच नको. दुकानाच्या यूपीआयवर देणगी घेतलीत तर ती विक्रीत मिसळते आणि वर्षाच्या शेवटी सीए डोकं धरून बसतो.

८०जी ची सवलत देणाऱ्याला हवी असेल तर संस्थेकडे ती नोंदणी आहे का बघा. रोख २,००० च्या वर दिलं तर ती सवलत मिळत नाही, आणि जुन्या करपद्धतीतच ती चालते. सीएसआरची सक्ती आपल्याला नाही, ती वर्षाला पाच कोटी नफा किंवा त्या मापाच्या कंपन्यांना. आणि तिकिटं विकून लकी ड्रॉ करू नका, ते लॉटरीच्या कायद्यात अडकतं.

टीममधल्या बायकांचं काय

आमच्या दुकानाचं फॉल-पिको करणाऱ्या एक मावशी आहेत. पीसवर काम. मशीनवर बसल्या तर मजुरी, नाही बसल्या तर शून्य. त्यांना गाठ हाताला लागली आणि चार महिने त्यांनी कुणाला सांगितलं नाही. लाज हे एक कारण. पण नंतर बोलताना म्हणाल्या, "अगं, एक दिस तपासायला, एक दिस रिपोर्टला, लगीनसराई हातची गेली असती." गाठ साधी निघाली. बहुतेक गाठी साध्याच असतात. पण साधी आहे हे तपासल्याशिवाय कळत नाही, आणि ते चार महिने त्या कशा झोपल्या असतील त्यांनाच माहीत.

म्हणून माझ्या बॅचला मी सांगते, टीमचा टी-शर्ट छापायच्या आधी टीममधल्या बायकांची तपासणी. तीस वर्षांवरच्या बायकांची स्तन, तोंड आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांच्या कार्यक्रमात आहे. आपल्या भागात कुठल्या दिवशी होते ते आशाताईंना विचारा. मशीन नाही म्हणजे तपासणी खोटी, असं समजू नका. मुंबईत १९९८ पासून दीड लाखाहून जास्त बायकांवर टाटा मेमोरियलने अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी फक्त हाताने तपासायच्या, असे चार वेळा. २०२१ मध्ये निष्कर्ष आले : पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास तीस टक्के कमी. गाठ, कातडी आत ओढली जाणं, स्तनाग्रातून रक्त किंवा पाणी येणं, यातलं काही दिसलं तर मात्र शिबिराची वाट बघायची नाही, थेट डॉक्टर.

मालकाने काय करायचं? तपासणीचा अर्धा दिवस पगार न कापता. पीसवर काम करणारीला मागच्या महिन्याच्या सरासरीने अर्ध्या दिवसाची मजुरी. दिवसाला ३०० पडत असतील तर १५०. तीन बायका, ४५०. हे तिसऱ्या पाकिटातून, दुकानाच्या खर्चातून. देणगीतून नाही. रिपोर्ट काय आला ते विचारायचं नाही, ग्रुपवर तर नाहीच. "जाऊन आलात ना?" एवढंच. आणि मालक पुरुष असेल तर हे सांगायचं काम टीममधल्या एखाद्या मोठ्या ताईंना द्या, नाहीतर पोरी खाली मान घालून उभ्या राहतात आणि जात कुणीच नाही.

शेवटच्या दिवशीचा कागद

दौडीनंतर सात दिवसांच्या आत एक पानाचा हिशेब काउंटरला चिकटवा. डाव्या बाजूला कुठून किती आले, उजव्या बाजूला संस्थेला किती गेले, तारीख आणि पावती क्रमांक. खाली एक ओळ : "दौडीचा खर्च टीमने स्वतः केला, रुपये इतके." वहीत लिहून दिलेले पण न आलेले पैसे वेगळे दाखवा, ते जमा धरू नका. ५० रुपये लिहून न देणारे दहात एक-दोन निघतातच, त्यांच्या मागे दोनदा जा, तिसऱ्यांदा नको.

गृहपाठ असा : तुमच्या दुकानातली एक वस्तू निवडा, विक्री, खरेदी, खर्चाचा वाटा आणि हातात राहणारी रक्कम या चार ओळी लिहा, आणि तिच्यामागे किती रुपये देता येतील ते काढा. पुढच्या शुक्रवारच्या व्हिडिओत किलोमीटरच्या वहीचं पान कसं आखायचं ते दाखवते. वही शंभर पानी घ्या, दोनशे पानी लागत नाही.